ब्रिजच्या बाजूने वास येतो, फ्लॉस आत जात नाही: नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: खालची एक दाढ काढल्यावर सहा महिन्यांपूर्वी तीन दातांचा पक्का ब्रिज बसवला. दिवसातून दोनदा ब्रश आणि एकदा माउथवॉश चालू आहे. तरी त्या बाजूने वास येतो, मधल्या दाताखाली अन्न अडकतं आणि फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून घालायला गेलं तर आतच जात नाही. ब्रिज चुकीचा बसलाय का, तो साफ कसा करायचा आणि किती वर्षं टिकेल?

फ्लॉस वरून आत न जाणं हा दोष नाही. तीन दातांच्या ब्रिजमध्ये दोन टोकांचे दात तुमचे स्वतःचे असतात, घासून लहान केलेले आणि वर कॅप घातलेले. मधला दात कृत्रिम. त्याला मूळ नाही, तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो आणि दोन्ही कॅपना जोडलेला असतो. तिन्ही मिळून एकच सलग तुकडा आहे, त्यामुळे वरून फ्लॉस उतरायला फटच नाही. ब्रश बाहेरची बाजू, जिभेकडची बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग साफ करतो. मधल्या दाताचं पोट, म्हणजे हिरडीकडची बाजू, आणि त्याच्याकडे तोंड करून असलेल्या दोन कॅपच्या बाजू मात्र तशाच राहतात. तिथे जंतूंचा चिकट थर साचतो, अन्नाचे कण कुजतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. वास त्याचा. माउथवॉश हा थर वरून भिजवतं, खरवडून काढत नाही, म्हणून तासाभरात वास परत येतो.

म्हणजे बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या ब्रिजमधला वास हा न पोहोचलेल्या ब्रशचा असतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही. दुसरं कारण गंभीर आहे आणि ते कसं ओळखायचं हे पुढे सांगितलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण सगळी निगा तिच्यावर उभी आहे. ब्रिजला कीड लागत नाही. पोर्सेलीन, झिर्कोनिया, धातू यांना जंतूंचं आम्ल काही करू शकत नाही. कीड लागते ती कॅपची कड संपते तिथून खाली उघड्या राहिलेल्या तुमच्या दाताला. त्या कडेवर सिमेंटची बारीक रेघ असते आणि तिच्या खाली अनेकदा दाताचं मूळच असतं, ज्यावर इनॅमल (दाताचं कडक बाहेरचं आवरण) नसतं. इनॅमल साधारण ५.५ पीएचला विरघळू लागतं (पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र). मुळाचं डेंटिन (इनॅमलपेक्षा मऊ थर) त्याच्या बरंच आधी, ६ च्या वरच. म्हणजे इतर दातांना जे आम्ल पचतं, ते या जागेला पचत नाही. त्यातून आधाराच्या दाताचं रूट कॅनाल झालेलं असेल तर तो दात दुखून इशाराही देत नाही. कीड शांतपणे आत जाते आणि एक दिवस दात कॅपसकट हिरडीजवळ मोडतो. पक्क्या ब्रिजचा शेवट अनेकदा असा होतो: ब्रिज शाबूत, खालचा दात गेलेला.

तेव्हा रोजचं काम दोन जागांचं आहे: कॅपच्या कडा आणि मधल्या दाताचं पोट. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, कारण झोपेत लाळ खूप कमी होते आणि रात्रभर त्या थराला कुणी धुऊन काढत नाही.

यासाठी सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे सुपर फ्लॉस. हा आधीच कापलेल्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्याचे तीन भाग असतात: एका टोकाला दोऱ्यासारखा ताठ भाग, मध्ये जाड, फुगीर, स्पंजसारखा भाग आणि शेवटी साधा फ्लॉस. ताठ टोक सुईसारखं वापरायचं. आरशासमोर उभे राहा आणि गाल बोटाने बाजूला ओढा. मधला दात आणि त्याच्या शेजारची कॅप जिथे जोडलेली आहे त्या जोडाच्या खाली, हिरडीच्या अगदी वर, एक लहान त्रिकोणी फट असते. त्यात ताठ टोक गालाच्या बाजूने घालून जिभेच्या दिशेने सरकवा. खालच्या ब्रिजमध्ये टोक किंचित वर धरावं, म्हणजे हिरडीत टोचत नाही. वरच्या ब्रिजमध्ये किंचित खाली. जिभेकडून टोक दिसलं किंवा लागलं की बोटांनी पकडून ओढा, स्पंजचा भाग दाताखाली येईपर्यंत.

मग दोन्ही टोकं हातात धरून आधी मधल्या दाताच्या पोटाखालून पुढे-मागे सात-आठ वेळा फिरवा, पाठ पुसताना टॉवेल ओढतो तसा. फ्लॉस दाताच्या पोटाला टेकवून ठेवायचा, हिरडी घासायची नाही. त्यानंतर फ्लॉस शेजारच्या कॅपच्या बाजूला वळवून तिला अर्धा वेढा द्या आणि कडेच्या किंचित खाली, हिरडीच्या काठाच्या आत एखाद-दीड मिलिमीटर जाईल इतका सरकवून पाच-सहा वेळा वरखाली करा. कीड इथेच सुरू होते, म्हणून ही जागा घाईत उरकू नका. नंतर हेच दुसऱ्या बाजूच्या कॅपला. काढताना एक टोक सोडून द्या आणि दुसऱ्याने गालाकडे ओढून काढा. चावण्याच्या दिशेने उचकटून काढायचा प्रयत्न करू नका. जोड असल्यामुळे तो निघणार नाही, आणि जोर कडेवर येईल.

पहिल्या दिवशी या सगळ्याला पाच मिनिटं लागतात आणि चिडचिड होते. दोन आठवड्यांत एक ते दीड मिनिट पुरतं.

सुपर फ्लॉस मिळत नसेल तर साधा फ्लॉस आणि थ्रेडर चालतो. थ्रेडर म्हणजे मोठ्या नाक्याची मऊ प्लास्टिकची सुई. तिच्यात ३५ ते ४० सेंटिमीटर फ्लॉस ओवायचा आणि सुई त्याच फटीतून पार करायची. थ्रेडर धुऊन पुन्हा वापरता येतो, फ्लॉसचा तुकडा नाही. साधा फ्लॉस कॅपच्या बाजू नीट साफ करतो, पण मधल्या दाताच्या पोटाला स्पंज जास्त चांगला घासतो.

दोन्ही बाजूंनी प्रयत्न करूनही टोक आत जातच नसेल तर जबरदस्ती करू नका. एक तर मधला दात हिरडीवर फार दाबून बसलाय, नाही तर फटीत जास्तीचं सिमेंट राहिलंय. दोन्ही गोष्टी दंतवैद्याने बघायच्या आहेत. राहिलेलं सिमेंट हे हिरडी सतत सुजलेली राहण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे, आणि ते काढणं काही मिनिटांचं काम असतं. मधला दात ज्या आकाराचा बनवला आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. खालून फुगीर, गुळगुळीत आणि हिरडीला नाममात्र टेकणारा दात सहज साफ होतो. हिरडीवर खोगिरासारखा दोन्ही बाजूंनी बसणारा, खालून खोलगट दात कितीही फ्लॉस केला तरी साफ होत नाही, कारण फ्लॉस खोलगट भागाला टेकतच नाही.

आता रक्ताबद्दल. पहिले काही दिवस फ्लॉस गुलाबी होऊन बाहेर येईल. थांबू नका. ते सुजलेल्या हिरडीचं रक्त आहे, फ्लॉसने झालेली जखम नाही. १९६५ साली हॅरल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्या असलेल्यांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. तुमच्या ब्रिजखालची जागा सहा महिने साफ झालेली नाही, त्यामुळे तिला थोडा जास्त वेळ द्या. रोज केल्यास रक्त एक ते दोन आठवड्यांत थांबायला हवं. दोन आठवड्यांनंतरही एकाच ठिकाणी येत असेल तर त्या ठिकाणी काहीतरी आहे: सिमेंट, कीटण (कडक झालेला थर), उचललेली कड किंवा दात आणि हिरडीमध्ये पडलेली खोल खाच.

फट मोठी असेल, विशेषतः मागच्या दाढांमध्ये, तर इंटरडेंटल ब्रश (तारेवर केस असलेला, फटीत घालायचा बारीक ब्रश) फ्लॉसपेक्षा सोपा आणि जास्त परिणामकारक असतो. मूळ उघडं पडलेलं असेल तर नक्कीच, कारण मुळाच्या बाजूला खळगा असतो आणि फ्लॉस त्याच्यावरून ताणून जातो, आत शिरत नाही. ब्रशचे केस त्या खळग्यात जातात. माप महत्त्वाचं आहे. ब्रश किंचित अडत जायला हवा, तार दाताला घासता कामा नये. सैल जात असेल तर तो काहीच साफ करत नाही. एकाच ब्रिजच्या पुढच्या आणि मागच्या फटीला वेगवेगळं माप लागणं अगदी सामान्य आहे. रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. दंतवैद्याकडे एकदा मापं घालून बघा आणि तीच वापरा. केस वाकले किंवा तार मुडपली की ब्रश टाकून द्या. बाहेरून एकदा, जिभेकडून एकदा, प्रत्येकी चार-पाच वेळा आत-बाहेर. त्यावर पेस्ट लावायची गरज नाही.

वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारं यंत्र) चांगला आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. तो अडकलेलं अन्न आणि सैल थर धुऊन काढतो, दाताला चिकटलेला थर घासण्याइतका काढत नाही. ज्यांच्या बोटांना सांधेदुखी आहे, हात थरथरतो किंवा थ्रेडर घालणं जमतच नाही, त्यांनी तो जरूर वापरावा, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरा. कोमट पाणी, सुरुवातीला सगळ्यात कमी दाब, धार हिरडीच्या काठाला काटकोनात, आणि प्रत्येक फटीपाशी दोन-तीन सेकंद थांबायचं. जिभेच्या बाजूनेही फिरवायचा, जे बहुतेक लोक विसरतात. धार हिरडीच्या आत खुपसायची नाही.

ब्रिजच्या शेवटच्या कॅपची मागची बाजू ही आणखी एक दुर्लक्षित जागा. ब्रशचं मोठं डोकं तिथे गालाला अडतं. एकाच झुबक्याचा बारीक ब्रश घ्या, तोंड अर्धवट मिटा म्हणजे गाल सैल पडतो, आणि कडेवरून हळू फिरवा.

साध्या ब्रशबद्दल थोडक्यात: मऊ केस, दोन मिनिटं, दोन वेळा, केस ४५ अंशात हिरडीच्या काठाकडे आणि छोट्या हालचाली. आडवं जोरात घासल्याने हिरडी खाली सरकते आणि कॅपच्या कडेखालचं मूळ उघडं पडतं. जोरात दाबणाऱ्यांना दाब कळवणारा विजेचा ब्रश उपयोगी पडतो. ब्रिजला तो चालतो. पेस्ट फ्लुओराइडचीच हवी, साधारण १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग फ्लुओराइड). वेष्टनावर आकडा बघा, कारण काही पेस्टमध्ये फ्लुओराइड नसतंच. आधी फ्लॉस, मग ब्रश, म्हणजे मोकळ्या झालेल्या फटीत फ्लुओराइड पोहोचतं. ब्रश झाल्यावर थुंका, पण चूळ भरू नका. ही एवढी सवय बदलली तरी कडेच्या किडीवर फरक पडतो. तोंड कोरडं राहत असेल, आधी अनेक दातांना कीड लागलेली असेल किंवा मुळं उघडी असतील तर ५००० पीपीएमची पेस्ट दंतवैद्याच्या चिठ्ठीवर मिळते. ती मागून घ्या.

कोळशाच्या पावडरी, खरखरीत मंजनं, खाण्याचा सोडा आणि लिंबू यांचे घरगुती लेप ब्रिजवर वापरू नका. पोर्सेलीनची चकाकी गेली की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि थर जास्त धरतो. दात पांढरे करायचे उपचार पोर्सेलीनचा रंग बदलत नाहीत. शेजारचे दात उजळतात आणि ब्रिज वेगळा दिसू लागतो, त्यामुळे असा उपचार करायचा असेल तर ब्रिज बनवण्याआधीच. आणखी एक बारीक गोष्ट: क्लिनिकमध्ये फ्लुओराइड लावून घेताना तोंडात पोर्सेलीन आहे हे सांगा. आम्लयुक्त जेल पोर्सेलीनची झिलई खरवडते, त्यांच्याकडे उदासीन पीएचचा पर्याय असतो.

माउथवॉशचं स्थान शेवटचं. क्लोरहेक्सिडिन (०.२ टक्क्यांचं जंतुनाशक माउथवॉश) सूज उतरवायला कामाचं आहे, पण दोन आठवड्यांपुरतं आणि दंतवैद्याने सांगितलं असेल तरच. जास्त दिवस वापरलं तर दात आणि ब्रिजच्या कडांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. ते पेस्टनंतर लगेच घेऊ नका. अर्धा तास थांबा, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा परिणाम मारतो. वास लपवण्यासाठी रोज घेतलं जाणारं माउथवॉश मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण वास हाच तुमच्याकडचा पहिला इशारा आहे.

आता ते दुसरं, गंभीर कारण. ब्रिज दोन दातांवर सिमेंटने चिकटवलेला असतो. कधी कधी एका दातावरचं सिमेंट सुटतं, पण दुसरा दात ब्रिज धरून ठेवतो. ब्रिज पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. सुटलेल्या कॅपमध्ये प्रत्येक घासाबरोबर लाळ आणि जंतू आत ओढले जातात आणि बाहेर पंप होतात, आणि आतला दात काही महिन्यांत मऊ होऊन जातो. पूर्ण निघालेला ब्रिज याच्या तुलनेत बरा, तो लगेच दुरुस्तीला तरी येतो. ओळखायचं असं: नीट फ्लॉस करूनही दोन-तीन आठवड्यांत वास जात नाही, त्या बाजूने अधूनमधून घाणेरडी किंवा खारट चव येते, गोड-थंड लागलं की एका टोकाला कळ येते, चावताना एक टोक किंचित हलल्यासारखं वाटतं. घरी एक तपासणी करता येते. चांगल्या उजेडात आरसा धरा, ब्रिजची एक कॅप बोटाने हलकेच वर-खाली दाबा आणि तिच्या कडेवर बघा. कडेतून लाळेचे बारीक बुडबुडे येत असतील तर ती कॅप सुटली आहे. दुसऱ्या बाजूलाही तेच करून पाहा. बुडबुडे दिसले तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्या आठवड्यातच दाखवा. बुडबुडे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. वर सांगितलेली लक्षणं असतील तर तपासून घ्याच.

अन्न अडकण्याचं आणखी एक साधं कारण तुमच्या बाबतीत असू शकतं. दात काढल्यावर तिथलं हाड आणि हिरडी काही महिने आक्रसत राहतात. दात काढल्यावर लवकरच ब्रिज बसवला असेल, तर तेव्हा टेकलेल्या मधल्या दाताखाली आता फट पडलेली असेल. याने ब्रिज बाद होत नाही. मोठ्या मापाचा इंटरडेंटल ब्रश लागतो आणि ती फट खरं तर साफ करायला सोपीच असते. बोलताना हवा जाते किंवा दिसायला वाईट वाटतं तेव्हाच पुढचा विचार करायचा.

खाण्यात फार बंधनं नाहीत. बर्फ, टणक कवचाचे दाणे, हाडं त्या बाजूने फोडू नका. पोर्सेलीनचा टवका उडतो. दाताला घट्ट चिकटणारी गोडी ब्रिज उचकटते आणि कडेवर साखर ठेवून जाते. साखरेच्या प्रमाणापेक्षा ती दिवसात किती वेळा तोंडात जाते हे जास्त मोजा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर कडक अॅक्रिलिकचं नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) बनवून घ्या. झोपेत येणारा दाब सिमेंट सोडवतो आणि पोर्सेलीन फोडतो. लहान टवका उडाला तर घासून गुळगुळीत करता येतो किंवा कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) भरता येतो, त्यासाठी ब्रिज काढावा लागत नाही.

दर सहा महिन्यांनी तपासणी. तिथे कडा बारीक टोकाच्या हत्याराने चाचपून बघितल्या पाहिजेत, हिरडीची खोली मोजली पाहिजे, ब्रिज एका बाजूने उचलला जातोय का हे पाहिलं पाहिजे. धोका किती आहे त्याप्रमाणे एक ते दोन वर्षांनी आधाराच्या दातांचा एक्स-रे. कॅपमधून एक्स-रे आरपार दिसत नाही, पण कडेखालची कीड आणि मुळाच्या टोकाचा संसर्ग दिसतो. कीटण काढायला बसाल तेव्हा ब्रिज कुठे आहे ते आधी सांगा. कंप पावणारं टोक पोर्सेलीनच्या कडेवर धरलं तर टवका उडू शकतो.

इम्प्लांटवरचा (जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा) ब्रिज असेल तर खालच्या स्क्रूला कीड लागत नाही, पण हिरडीचा आजार लागतो आणि तो हाड खातो. दुखणं फार उशिरा येतं. तिथे तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच इंटरडेंटल ब्रश वापरा. समोरच्या दातांना मागून पंखाने (पातळ पट्टीने) चिकटवलेला ब्रिज असेल तर टणक वस्तू समोरच्या दातांनी तोडू नका. पंख दोन असतील आणि एक सुटला तर वरची बुडबुड्यांची गोष्ट तिथेही तशीच लागू आहे.

किती वर्षं? पक्क्या ब्रिजवरचे मोठे अभ्यास एकत्र बघितले तर १० वर्षांनी १०० पैकी ९० च्या आसपास ब्रिज तोंडात असतात. एकाच बाजूला आधार असलेले ब्रिज त्याहून थोडे कमी टिकतात. १५-२० वर्षं चाललेले ब्रिज दुर्मीळ नाहीत. या काळात एखाद्या आधाराच्या दाताची नस मेली तरी ब्रिज जात नाही. कॅपला वरून छिद्र पाडून रूट कॅनाल करता येतं.

ब्रिज निघालाच तर धुऊन डबीत ठेवा. घरातला कुठलाही गोंद लावू नका. त्याने दाताला इजा होते, ब्रिज चुकीच्या जागी चिकटतो आणि मग तो कापून काढावा लागतो. सैल ब्रिज तोंडात ठेवून झोपू नका, गिळला किंवा श्वासनलिकेत गेला तर मोठं संकट. उघड्या दातांवर मऊ ब्रश आणि फ्लुओराइड पेस्ट चालू ठेवा आणि दोन-चार दिवसांत दाखवा. उशीर झाला की दात सरकतात आणि चांगला ब्रिजही परत बसत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज बुडबुड्यांची तपासणी करा. काही दिसलं नाही तर आज रात्रीपासून सुपर फ्लॉस सुरू आणि माउथवॉश बंद. चौदाव्या दिवशी वापरलेला फ्लॉस हुंगून बघा. वास आणि रक्त दोन्ही गेलं असेल तर हेच चालू ठेवा. एका टोकाचा वास राहिला असेल तर दंतवैद्याला नेमकं तेच टोक दाखवा आणि त्या दाताचा एक्स-रे काढायला सांगा.